पोल्पेत्तोचा एकुलता एक सिनेमा

सुस्कांच्या घरात दोन मुलगे होते. थोरला कोसिमो बापासारखा रुंद खांद्यांचा आणि मोजकं बोलणारा. तो जाळं टाकायला उभा राहिला की मचवासुद्धा कमी डुलतो, असं लोक म्हणायचे. धाकटा वितांजेलो कोणासारखाच नव्हता. उंच, काडीसारखा, अंगात हाडं आहेत की नाहीत अशी शंका यावी असा. मोला या त्यांच्या गावच्या धक्क्यावर कोळी ऑक्टोपस दगडावर आपटून मऊ करत, आणि हा पोरगा शेजारी उभा राहून स्वतःच ऑक्टोपस व्हायचा. कुणीतरी मानगूट धरून आपल्याला उचलतंय, आपटतंय, पुन्हा उचलतंय, असा तो फेकला जायचा. हात एकीकडे, पाय तिसरीकडे. म्हातारे कोळी हातातलं काम टाकून हसत बसायचे. तिथेच त्याला पोल्पेत्तो, म्हणजे बाळ ऑक्टोपस, हे नाव पडलं आणि जन्माला चिकटलं.

बापाला मात्र हसू यायचं नाही. "देवाने हात जाळं ओढायला दिलेत," तो म्हणायचा, "हलवून दाखवायला नाही."

दुसरी मोठी लढाई संपली त्या हिवाळ्यात बारी शहराहून खेळ करणारी एक फिरती मंडळी आली. तेव्हा थिएटरात सिनेमा सुरू होण्याआधी स्टेजवर थोडा वेळ नाच, गाणी आणि नकला चालायच्या. वितांजेलोने मालकाला ऑक्टोपस करून दाखवला आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्याच ट्रकमधून निघून गेला. घरी सांगितलं नाही, कारण बाप काय म्हणेल ते त्याला पाठ होतं.

फोज्जाच्या थिएटरात एकदा त्याचा खेळ इतका रंगला, की लोक बाकं बडवायला लागले. तो आत आला तेव्हा मालक विंगेत उभा होता. चेहरा पांढरा पडलेला. पण बाहेरून ओरडा चालूच होता, म्हणून मालक म्हणाला, "जा, अजून एकदा करून ये." वितांजेलो गेला, पुन्हा आपटला गेला, पुन्हा हसवून आला. तेव्हा मालकाने त्याला पेटीवर बसवलं आणि सांगितलं. त्याच्या बापाच्या जाळ्यात लढाईतला सुरुंग अडकून आला आणि फुटला होता. मचव्यावर बाप होता आणि कोसिमो होता. किनाऱ्याला लाकडं लागली. माणसं लागली नाहीत.

तो घरी पोचला तेव्हा आरशावर काळं कापड टाकलेलं होतं आणि शेजारणी भिंतीला टेकून बसल्या होत्या. आईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हसवून आलास?" ती म्हणाली. "बरं झालं. घरात एकाला तरी हसता येतंय."

कोसिमोची बायको सेराफिना तेव्हा जेमतेम विशीची. कडेवर तान्ही पाल्मिरा.  तिने ताटलीत बाकल्याच्या शेंगांचं गरगट वाढलं, वर तेल घातलं आणि दिरासमोर ठेवलं. तिच्या अंगावरचे दुखवट्याचे काळे कपडे कुणाचे तरी मागून आणलेले होते, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. त्यानंतर मोलात कुणी तिला दुसऱ्या रंगात पाहिलं नाही.

*

वितांजेलो रोमला गेला. जाण्यासारखं दुसरं होतं काय? मचवा नव्हता, आणि असता तरी त्याच्या हातून जाळं ओढलं गेलं नसतं. रोममध्ये त्या दिवसांत सिनेमे भराभर निघत होते आणि लांबडा, बुजगावण्यासारखा माणूस प्रत्येकात एक तरी लागायचा. तो वेटर झाला, झिंगलेला पाद्री झाला, चोराच्या मागे धावताना चिखलात पडणारा शिपाई झाला. पुढे पुढे तर त्याचा एक ठरलेलाच नग झाला. बायको ज्याला फसवते आणि ज्याला सगळ्यात शेवटी कळतं, तो नवरा. ठेंगण्या दारातून आत येताना डोकं आपटायचं, कपाट उघडायचं, आतल्या माणसाला "माफ करा" म्हणून कपाट लावायचं. थिएटर हसून कोसळायचं.

लोक त्याला रस्त्यात ओळखत, पण नाव कुणाला येत नसे. "तो हो, तो... दाराला डोकं आपटणारा!" एका बाईने तर ट्राममध्ये त्याचा हात धरून विचारलं होतं, "तुम्ही कुणीतरी आहात ना?"

लग्न त्याने केलं नाही. म्हणजे एका नाचणारीशी जुळत आलं होतं, पण ती म्हणाली, "विता, तू गंभीर बोलतोस तेव्हाही मला हसू फुटतं. आयुष्यभर कसं निभायचं?" आणि ते तिथेच राहिलं.

ऑगस्टात मात्र तो मोलाला जायचा. आई दारात खुर्ची टाकून बसलेली असायची, डोळे मंदावलेले, जीभ होती तशीच. "आला, रोमचा राजा. या वेळी कुणाच्या बायकोने फसवलं?" आणि शेजारी सेराफिना दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करत बसलेली. तिच्या चेहऱ्यात तरुणपणीचं काही उरलं नव्हतं, पण जे उरलं होतं त्यावरून वितांजेलोला नजर काढवत नसे. मचव्यांना घरी आणणारा उत्तरेचा वारा सुटला की ती हातातली सुई ठेवायची, शाल घ्यायची आणि धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहायची. बारीक पाऊस असला तरी. कोसिमो गेला त्याला वीस-पंचवीस वर्षं होऊन गेली होती. गावात कुणी तिला "कशाला जातेस" असं विचारत नसे. समोरून येणारा कोळी टोपीला हात लावायचा आणि वाट द्यायचा.

असाच एक ऑगस्ट होता. वितांजेलोची पन्नाशी जवळ आली होती. तो तिच्यासमोर पालथ्या टोपलीवर बसला.

"वहिनी, मला एक सिनेमा काढायचाय."

"काढतोसच की तू."

"मी कुठे काढतो? मी दाराला डोकं आपटतो. काढणारे वेगळे असतात."

सेराफिना दाताने दोरा तोडत म्हणाली, "मग काढ. हसायचा असेल."

"नाही. कोसिमोचा आहे. बाबांचा आहे. आणि तुमचा."

"माझा? मला नटी करतोस? या वयात? आधी तुझ्या आईला सांग, झाडूने हाणेल."

"हाणीन," आई खुर्चीतून म्हणाली. "दोघांनाही."

"नटी नकोय मला. तुम्ही जशा जाता ना धक्क्यावर, तसंच जायचं. जाळी विणायची. घरात वावरायचं. काही बोलायचं नाही."

ती सुई चालवत राहिली. मग मान वर न करता तिने विचारलं, "त्याचं नाव येईल?"

"सगळ्यात आधी येईल. कोसिमो सुस्का. पांढऱ्या अक्षरांत."

"मोठ्या?"

"एवढ्या."

"मग बघू," ती म्हणाली.

*

रोममध्ये या सिनेमासाठी त्याला कुणी दारात उभं करेना. एकजण म्हणाला, "पोल्पेत्तो, विधवा आणि समुद्र? विनोद कुठाय?" दुसऱ्याला वाटलं की हा सांगतोय हाच विनोद आहे, आणि तो खो खो हसला. शेवटी हो म्हणाला तो रावासियो. त्याला सगळे 'कोमेन्दातोरे' म्हणत, म्हणजे आपल्याकडच्या रावबहादुरासारखं. गुबगुबीत, गोड बोलणारा माणूस. वितांजेलोच्या कपाटवाल्या सिनेमांवर त्याने समुद्राकाठी बंगला बांधला होता.

"काढ बाबा," तो म्हणाला. "तुझ्या हौसेला मोल नाही. फक्त पुढची चार चित्रं माझ्याकडे करायची, आणि या चित्राची शेवटची कात्री माझी, काय ठेवायचं, काय कापायचं ते मी ठरवणार. ही आपली बोलायची पद्धत असते रे."

वितांजेलोने सही केली. बोलायची पद्धत, असंच त्यालाही वाटलं.

त्या हिवाळ्यात सगळं मोला कामाला लागलं. कोळ्यांनी मचवे दिले. पाद्र्याने घंटा वाजवायला माणूस दिला. बायका चित्रीकरणाच्या लोकांना गरम फोकाचा पाव आणून द्यायच्या आणि वर टोमणा, "रोममध्ये पाव मिळत नाही वाटतं, किती हावऱ्यासारखे खाता!" आणि वितांजेलो, ज्याच्याकडे पाहून गाव आयुष्यभर हसलं होतं, तो हळू आवाजात "इथून चाला, काकी," "तिकडे बघा, मेस्त्री," असं सांगायचा आणि लोक ऐकायचे. आईनेसुद्धा एकदा शेजारणीला सांगितलं, "त्याला येतं वाटतं काहीतरी."

एकच दृश्य अडलं होतं. सेराफिना रात्रीची झोपायला जाते ते. खोली तिचीच, खाट लग्नातली. आधी ती नकोच म्हणाली. मग म्हणाली, कॅमेरावाला आणि विता, बाकी कुणी नाही, आणि सासूबाई दारात बसतील. तशी आई जपमाळ घेऊन उंबऱ्यात पहारेकऱ्यासारखी बसली.

सेराफिनाने डोक्याचा रुमाल सोडला. केस पाठीवर पडले, निम्मे पांढरे. ती खाटेच्या आपल्या बाजूला बसली. मग हात लांब करून तिने दुसऱ्या उशीचा अभ्रा सारखा केला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती रोजच करत असणार. अभ्र्यावरून हात फिरवून तो तसाच ठेवला आणि बसून राहिली. कॅमेरावाला रोमचा होता, दिवसभर शिव्या घालणारा. त्याने कॅमेरा थांबवला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"हे दाखवायलाच हवं का रे?" केस बांधत सेराफिनाने विचारलं.

"हवं, वहिनी. कळू दे त्यांना."

"बघ बाबा. तुझ्यावर सोपवलंय."

*

रोमला परतून त्याने सिनेमा जोडला. नाव ठेवलं 'परतीचा वारा'. एडिटिंगच्या छोट्या यंत्रावर एकदा सलग पाहिला आणि कुणाला दिसू नये म्हणून तोंड धुवायला बाहेर गेला. दुसऱ्याच आठवड्यात रावासियोने त्याला स्पेनला धाडलं, ठरलेल्या चार चित्रांपैकी पहिल्यासाठी. तिथे तो घोड्यावरून पडत होता. फोन केला की रावासियो म्हणायचा, "आवाज भरतोय. संगीत घालतोय. तू पड निवांत."

वसंत ऋतूत त्याचाच फोन आला. "वितांजेलो, पहिला खेळ कुठे ठेवलाय सांग? मोलात! तुझ्या गावात! बँड सांगितलाय. तू थेट तिथेच ये."

वितांजेलोला भरून आलं. हा माणूस आपण समजतो तसा नाही, असं तो स्पेनहून येताना सगळ्या वाटेवर स्वतःला सांगत होता.

गाडीला उशीर झाला. तो बॅग घेऊन चौकातल्या थिएटरपाशी धापा टाकत पोचला तेव्हा बँड वाजून गेला होता आणि लोक आत बसले होते. पोस्टर कुठे दिसेना. मागच्या गाडीने येतायत, असं रावासियोच्या माणसाने सांगितलं. पुढच्या रांगेत आई होती, पाद्री होता, पाल्मिरा होती. तिच्याशेजारी तिचा ठरलेला नवरा ओरोन्झो आणि त्याचे आईबाप. मधोमध सेराफिना. तिने नवा काळा पोशाख शिवला होता. वितांजेलोला पाहून ती किंचित हसली. ती हसलेली त्याने किती वर्षांत पाहिली नव्हती. दिवे गेले म्हणून तो मागेच, भिंतीला टेकून उभा राहिला.

आधी भोंग्यासारखं संगीत वाजलं, सर्कशीत विदूषक येताना वाजतं तसं. मग लाल, वेड्यावाकड्या अक्षरांत नाव आलं. 'विधवेच्या खोलीत कोण?' कोसिमोचं नाव आलंच नाही.

कुणीतरी खाकरलं. लोकांना वाटलं चुकीचं रीळ लागलं. पण नाही, धक्का मोलाचाच होता. वाऱ्यात चालत जाणारी सेराफिनाच होती. फक्त ती दुप्पट वेगाने चालत होती, तुरूतुरू, आणि मागे तो भोंगा. जाळी विणणाऱ्या बायका कुजबुजत होत्या, आणि त्यांच्या तोंडी रोमच्या बायकांचे आवाज होते, आणि त्या आवाजांत जे बोललं जात होतं ते मोलात भिंतीआडही कुणी बोललं नसतं.

मग ती खोली आली. रुमाल सुटला, केस पडले. सेराफिनाचा हात उशीवर गेला आणि पडद्यातून एका बाईचा घोगरा सुस्कारा निघाला. लगेच किल्लीच्या भोकातून बघणारा एक डोळा, आणि डोळ्यामागे पोल्पेत्तोचा घाम पुसणारा चेहरा, त्याच्या कुठल्याशा जुन्या सिनेमातून कापून आणलेला. पुन्हा सेराफिनाचा चेहरा. आणि त्यानंतर एका उघड्या बाईचं अंग. कुणा भलत्याच, तरुण बाईचं. पण चेहरा सेराफिनाचा दाखवला होता, आणि त्याला जोडून ते अंग.

 मग मागून कुणीतरी शिटी मारली. मग एक हसला. मग चारजण.

"बंद करा!" वितांजेलो ओरडला. "बंद करा! हे माझं नाही!"

तो मधल्या वाटेने पळत सुटला, बॅगेत पाय अडकून पडला, उठला आणि पडद्यासमोर जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. पण पडदा मोठा होता. चित्र त्याच्या अंगावर पडू लागलं, त्याची लांबलचक काळी सावली त्या उघड्या बाईवर नाचू लागली. तो हात हलवून जितकं झाकायला जाई तितकी सावली वळवळे.

आणि आता सगळं थिएटर हसलं. ज्यांना लाज वाटली होती तेही हसले. त्यांना सुटल्यासारखं झालं. हा खेळातलाच भाग आहे, पोल्पेत्तोने मुद्दाम ठेवलेला, असं त्यांनी धरलं.

"वा रे पोल्पेत्तो! अजून एकदा!"

तो रडत होता. पडद्याच्या उजेडात पहिल्या रांगेतल्यांना ते दिसत असणार, बाकी कुणाला नाही. त्याने सेराफिनाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. बुडालेल्या माणसाची ओळख पटवायला नेलं की बघतात, तशी ती पडद्याकडे बघत होती, न हलता. ती उठून गेलीसुद्धा नाही. जायचं तर साऱ्या गावाच्या समोरून जावं लागलं असतं. ती शेवटपर्यंत बसली.

दिवे लागले तेव्हा ओरोन्झोच्या आईबापांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

*

घरी सेराफिनाने खोलीचं दार लावून घेतलं. वितांजेलो दाराशी गेला. "वहिनी, त्यांनी कापलं. मी असं केलं नव्हतं. वहिनी, ऐका तरी." 

आई आपल्या खुर्चीत बसली होती. तिने त्याला हाक मारली. तो गेला, आणि लहानपणी बसायचा तसा तिच्या पायाशी बसला.

"आई, तुझा तरी विश्वास आहे ना?"

"आहे," आई म्हणाली. "तू असलं करणार नाहीस. तुझ्यात तेवढी धमक नाही. तू फक्त सही केली असशील." मग अगदी शांतपणे ती म्हणाली, "त्या दिवशी मचव्यावर तू असायला हवा होतास. कोसिमो नको."

तो सकाळच्या पहिल्या गाडीने रोमला गेला. रावासियोने त्याला मिठीच मारली.

"अरे, बारीतून फोन आला! पहिल्याच खेळाला लोक खुर्चीतून पडले म्हणे! आणि तू पडद्यासमोर जाऊन जो काही धिंगाणा घातलास... हे तर आपण प्रत्येक गावात करायला हवं."

"ती माझी वहिनी आहे," वितांजेलो म्हणाला.

"ठाऊक आहे. तिच्या नखालाही कुणी हात लावलेला नाही. अंग दुसऱ्या मुलीचं आहे, सगळ्यांना कळतं ते."

"मोलात नाही कळत."

"मोला केवढं!" रावासियो म्हणाला.

वितांजेलोने त्याची कॉलर धरली. पण त्याचे ते लांब, ढिले हात! कारकून धावत आला आणि हे दृश्य पाहून त्याला हसू आवरेना. रावासियोही हसला. वितांजेलोने हात सोडले.

वकील म्हणाला, सही स्पष्ट आहे. मग निदान माझं जुनं रीळ द्या, जसं मी जोडलं होतं तसं, एवढंच त्याने मागितलं. ते नव्हतं. कापून उरलेली सगळी रिळं भंगारवाल्याला गेली होती. फिल्म आम्लात टाकून ते तिच्यातली चांदी काढून घेतात. तो शहराबाहेरच्या त्या कारखान्यात जाऊनसुद्धा आला. एका माणसाने त्याला धुऊन काढलेल्या फिल्मचा ढीग दाखवला. काचेसारखी पारदर्शक, मैलच्या मैल, कशावर काहीच नाही.

सिनेमा चालला. मिलानला चालला, पालेर्मोला चालला. आणि तेव्हा कुठे लोकांना त्याचं नाव पाठ झालं. "वितांजेलो सुस्का! विधवेच्या खोलीत कोण, तुम्हीच ना?" आता ट्राममध्ये कुणी अडखळत नसे.

मोलातून बातम्या येत. ओरोन्झोच्या घरच्यांनी निरोप धाडला की मुलगा अजून लहान आहे. तो सत्तावीस वर्षांचा होता. सेराफिना एकदाच, वारा सुटला तेव्हा, धक्क्याकडे निघाली. बाजारातल्या टवाळांपैकी एकाने भोंगा तोंडाने वाजवला, तेच सर्कशीतलं संगीत. ती अर्ध्या वाटेवरून मागे फिरली. त्यानंतर कुणी तिला बाहेर पाहिलं नाही. जुने कोळी त्या टवाळाला बडवायला निघाले होते म्हणे, पण बडवून काय होणार होतं? गाणं साऱ्या गावाला येत होतं. पावसाळी दिवस सुरू व्हायच्या आत मायलेकी तुरिनला निघून गेल्या. पाल्मिराला तिथल्या कारखान्यात काम मिळालं, आणि सेराफिना, जिने जन्मात समुद्रापासून हाकेच्या अंतरापलीकडे घर पाहिलं नव्हतं, ती सातव्या मजल्यावर राहायला गेली.

वितांजेलोने उरलेली तीन चित्रं केली. ती झाल्यावर अजून केली. कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं का ते. पोटाला लागतं, हे खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. कामावर गेला नाही तर त्याऐवजी दुसरं काही करायला त्याच्याजवळ नव्हतं. एका तरुण निर्मात्याने मोठ्या आदराने विचारलं, "स्वतः पुन्हा काही काढणार नाही का?" वितांजेलो "नाही" म्हणाला. त्याच्या म्हणण्याचा सूर असा होता, की त्या तरुणालाही हसू आलं.

आई गेली तेव्हा तो दफनाला गेला. चर्चमध्ये मागे उभा राहिला. शवपेटी बाहेर नेताना दोन पोरं त्याच्याकडे बघून एकमेकांना कोपरं मारत होती. पाल्मिरा आली होती, सेराफिना आली नव्हती.

"आई कशी आहे?" त्याने पुतणीला विचारलं.

"आहे," पाल्मिरा म्हणाली. "शाळेत फरशी पुसते. तिथे कुणाला काही ठाऊक नाही, म्हणून बरी आहे." तिने पत्ता दिला नाही. तो त्याने गावातल्या एकाकडून काढला.

दोन वर्षं तो पत्ता त्याने खिशात बाळगला. मग एका रविवारी तो तुरिनला गेला. जाताना त्याने मोलाहून मागवलेल्या तारालींची, बडीशेप घातलेल्या पिठाच्या कडक कड्यांची, पुडी बरोबर घेतली होती. लिफ्ट बंद होती. सात मजले चढून जाईस्तोवर त्याच्या छातीत भाता चालू झाला होता.

सेराफिनाने दार उघडलं. केस पूर्ण पांढरे झालेले. काळा पोशाख नव्हता, निळा कामाचा झगा होता. तोच पाहून त्याला सगळ्यात जास्त लागलं.

"विता," ती म्हणाली. ती रागावली नव्हती. घाबरली होती. "तू इथे कसा? कुणी पाहिलं का तुला?"

"वहिनी, मला फक्त एवढंच सांगायचं होतं..."

"केलं माफ," ती घाईने म्हणाली. "केलं, बरं? कधीचंच केलं. आता जा. जिना उतरताना कॉलर वर कर."

"दोन मिनिटं बसू दे. दम लागलाय."

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. कचऱ्याची बादली घेतलेली एक जाडगेली बाई बाहेर आली. तिने वितांजेलोकडे पाहिलं आणि बादली खाली ठेवून टाळीच वाजवली.

"अगंबाई! पोल्पेत्तो! अहो, ऐकलं का, बाहेर या, पोल्पेत्तो आलाय! परवाच टीव्हीवर लागला होता हो तुमचा तो, विधवेच्या खोलीत... आणि तुम्ही इथे, आमच्या सेराफिनाबाईंकडे?" ती हसत हसत सेराफिनाकडे वळली. मग तिचं हसू सावकाश कमी झालं. ती सेराफिनाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, डोळे किंचित बारीक करून, कुठे पाहिलंय ते आठवत असल्यासारखी.

"चुकून आलो," वितांजेलो म्हणाला. "माफ करा, बाई. मजला चुकला."

थिएटर कोसळवणारं वाक्य त्याने ज्या आवाजात आयुष्यभर म्हटलं होतं त्याच आवाजात ते निघालं. दुसरा आवाज त्याच्याकडे नव्हता. शेजारीण खदखदून हसली. तिचा नवरा बनियनवर बाहेर आला, तोही हसला. सेराफिना हसली नाही. तिने दार हळूच लावून घेतलं, आणि आतून कडी सरकल्याचं वितांजेलोला ऐकू आलं. तारालींची पुडी त्याच्याच हातात होती.

महिन्याभराने पाल्मिराचा फोन आला. तिचा आवाज थकलेला होता. "काका, आम्ही घर बदललंय. आईने शाळेतलं काम सोडलं. कुठे ते विचारू नका, आणि कुणाकडून काढू नका. तुमच्या पाया पडते."

"नाही काढणार," तो म्हणाला. "तिला सांग..."

पण पाल्मिरा पुढचं ऐकायला थांबली नाही. खाली गाडीचा हॉर्न वाजला. त्या दिवशी शहराबाहेर चित्रीकरण होतं, एका माळ्याची भूमिका. वितांजेलोने रिसीव्हर ठेवला, कोट घातला आणि जिना उतरू लागला.